ठकीचे डोळे उघडेच राहिले

प्रश्न : डॉक्टर, मी बोरिवलीला राहते, वय ५३, बँकेत नोकरी. आमची मांजर ठकी गेल्या महिन्यात गेली. २०११च्या जुलैत सोसायटीच्या पंपाच्या खोलीमागे भिजून ओरडत होती, तेव्हा माझ्या मुठीत मावली होती. चौदा वर्षं रोज पहाटे साडेचारला छातीवर येऊन बसायची. शेवटच्या वर्षात बारीक होत गेली, न्हाणीघरातल्या बादलीत तोंड घालून पाणी प्यायची. आम्हाला वाटलं, वय झालं, त्यातून उन्हाळा. मग उलट्या सुरू झाल्या. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) ९.८. अकरा दिवस घरी कातडीखाली सलाईन लावलं. बाराव्या दिवशी तिला उभंच राहता येईना. डॉक्टरांनी विचारलं आणि मी ‘हो’ म्हटलं.

इंजेक्शननंतर तिने डोळे मिटले नाहीत, माझ्याकडे बघतच गेली. ते डोळे जात नाहीत समोरून. मीच मारलं ना तिला? आधी तपासलं असतं तर? आत्येसासूबाई म्हणाल्या, ‘मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं.’ बँकेत ‘लांबची मावशी गेली’ असं खोटं सांगून दोन दिवस रजा घेतली. हे काहीच बोलत नाहीत, पण रात्री न्हाणीघराचं दार अजूनही तिच्यासाठी किलकिलं ठेवतात. आमचा दुसरा बोका गोट्या खातो न खातो, रात्रभर घरभर ओरडत फिरतो.

उत्तर : ताई, आधी डोळ्यांचं सांगतो. मांजर गेल्यावर त्याचे डोळे बहुतेक वेळा उघडेच राहतात. पापणी मिटायला स्नायूंना जोर लावावा लागतो, आणि तो जोर संपलेला असतो. आधी गुंगीचं औषध देतात, मग भुलीचंच औषध मोठ्या मात्रेत जातं. पहिल्यांदा शुद्ध हरपते, तीही काही सेकंदांत. श्वास आणि हृदय त्यानंतर थांबतं. म्हणजे तुम्ही तिच्या डोळ्यांत बघत होतात तेव्हा ती बघत नव्हती. हे तुम्हाला सुई टोचण्याआधी कोणीतरी सांगायला हवं होतं. मीसुद्धा नोकरीची पहिली कित्येक वर्षं हे सांगायचं विसरत असे. मग एका आजोबांनी टेबलापाशी मला विचारलं, ‘ती मला काय सांगत होती हो?’ त्या दिवसापासून विसरलो नाही.

आता ‘आधी तपासलं असतं तर’. मूळचं वाळवंटातलं जनावर हे, थोड्या पाण्यात भागवायला बनलेलं. त्यामुळे किडनी झिजत असते तरी मांजर कुरकुर करत नाही, जास्त पाणी पितं आणि चालवून घेतं. तिची बादली हे तेच होतं. रक्तात क्रिएटिनिन वर दिसू लागतं तोवर किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं. आमच्या हिशेबात पाचाच्या वर गेलं की शेवटचा टप्पा. तुमच्या ठकीचं ९.८ होतं. वर्षभर आधी कळलं असतं तर किडनीच्या पथ्याच्या खाण्यावर तिला आणखी काही महिने, कदाचित त्याहून जास्त मिळाले असते. ते नाकारून तुमची समजूत काढली तर ती तुम्हाला पटणार नाही. पण गेलेली किडनी परत आणणारं औषध तेव्हाही नव्हतं, आणि म्हातारं मांजर उन्हाळ्यात जास्त पाणी प्यायलं म्हणून त्याला दवाखान्यात नेणारी माणसं मी पस्तीस वर्षांत बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली. घरच्या घरी अकरा दिवस सुई टोचणारी त्याहूनही कमी. ज्या हाताने कुरवाळायचं त्याच हाताने सुई टोचायची, ती चुकली की मांजर पलंगाखाली जाऊन बसणार, आणि आपण पालथं पडून ‘ये गं, ये गं’ करत राहणार. हे ज्याने केलंय त्यालाच कळतं.

त्या अवस्थेत तोंडात फोड येतात, तोंडाला उग्र वास येतो, मळमळ थांबत नाही. बाराव्या दिवशी तुमच्यापुढे जगणं की मरणं असा प्रश्नच नव्हता. आज संध्याकाळी शांतपणे, की परवा पहाटे तडफडून, एवढाच होता. त्याला ‘मारणं’ म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आत्येसासूबाईंना माझा नमस्कार सांगा. ते सोन्याचं मांजर माझी आजीही सांगायची, पण ती आम्हा पोरांनी मांजराला दगड मारू नये म्हणून. तरी त्यांचा आग्रहच असेल तर वाहायचं तुम्ही नाही, सुई देणाऱ्याने. माझ्या नावावर तर इतकी निघतील की सराफकट्टा उठून काशीला न्यावा लागेल. (माझ्या स्वतःच्या बोक्याची वेळ आली तेव्हा मात्र माझा हात धजेना. माझ्याच हाताखाली शिकलेल्या मुलीला बोलावलं आणि मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तुम्ही समोर थांबलात, ताई.)

रजेसाठी खोटं बोललात याचं मला वाईट वाटलं, तुमच्यासाठी. हेरोडोटस नावाचा जुना ग्रीक इतिहासकार लिहितो की इजिप्तमध्ये घरातलं मांजर मेलं की सगळी माणसं भुवया भादरत. म्हणजे बाजारात कोणी बघितलं की कळायचं, यांच्याकडे गेलंय. आपल्याकडे माणूस गेलं की सुतक असतं, लोक येतात, बसतात, पिठलं-भात आणून देतात. ठकीचं सुतक कुणी धरणार नाही, म्हणून ते तुम्हाला आत दाबून ठेवावं लागतंय, आणि दाबलेलं जास्त दुखतं. बँकेत निदान एकीला खरं सांगा. पाचांपैकी एक तरी मोबाइल काढून आपल्या मेलेल्या मांजराचा फोटो दाखवते, हा माझा अनुभव.

घरी दुसरं कोणी शोधायला नको. न्हाणीघराचं दार किलकिलं ठेवणारा माणूस गप्प असला तरी बोलतोच आहे. ते दार बंद करू नका आणि त्यांना ‘का ठेवता’ असंही विचारू नका. एखाद्या रात्री तुम्हीच ठेवा.

नवीन पिल्लू आणायची घाई नको, एवढंच. उरलेल्या सलाईनच्या बाटल्या आणि न उघडलेली पाकिटं तुमच्या डॉक्टरांकडे द्या, दुसऱ्या कुणाच्या मांजराला लागतील. वापरलेल्या सुयाही तिथेच द्या, घरच्या कचऱ्यात टाकल्या तर त्या सफाई कामगाराच्या हातात घुसतात.

गोट्याची मात्र मला काळजी वाटते. जोडीदार गेला की मांजरं शोधत फिरतात, ओरडतात, त्याच्या जागेचा वास घेत बसतात. म्हणून ठकीचं गोधडं लगेच धुऊ नका. पण अंगाने भरलेला बोका दोन-तीन दिवस नीट जेवला नाही तर अंगातली चरबी यकृतात साठून यकृतच बसतं. मग कान आणि हिरड्या पिवळ्या दिसू लागतात. तिथवर थांबू नका. मांदेली उकडून, काटे काढून, कोमट असतानाच द्या. मीठ, हळद, कांदा, लसूण काही नको. आणि आज त्याचं वजन करा : आधी गोट्याला कडेवर घेऊन काट्यावर उभ्या राहा, मग एकट्या, आणि वजाबाकी करा. तीन दिवसांनी पुन्हा. थोडं जरी उतरलं असेल, किंवा उद्यापर्यंत वाटीला तोंडच लावलं नाही, तर पत्राच्या उत्तराची वाट न बघता त्याला दवाखान्यात न्या.