रेखांश, रेखावृत्त आणि कालविभाग

एका वाचकाने विचारलं आहे : टाइम झोनला मराठीत ‘रेखांश’ म्हणता येईल का? आणि तसं असेल तर एकाच रेखांशावरच्या इंग्लंड आणि स्पेनमध्ये घड्याळं एका तासाने वेगळी कशी?

नाही म्हणता येणार. इथे तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि मराठीत त्यांना तीन निरनिराळे शब्दही आहेत. बोलताना मात्र ते एकमेकांत मिसळतात. एका ध्रुवापासून दुसऱ्या ध्रुवापर्यंत जाणारी काल्पनिक रेषा ती रेखावृत्त. ती मूळ, म्हणजे शून्य अंशाच्या, रेखावृत्तापासून किती अंश पूर्वेला किंवा पश्चिमेला आहे, ते माप म्हणजे रेखांश. नावातच अंश आहे, म्हणून ‘अमुक शहरावरून रेखांश जातो’ हे वाक्य मला खटकतं. जाते ती रेषा, अंश मोजायचे असतात. आणि जेवढ्या प्रदेशाने एकच घड्याळ मान्य केलं आहे, तेवढा कालविभाग.

तरीही वाचकाच्या मनात रेषा आणि वेळ एकत्र आली, ते उगाच नाही. रेखावृत्ताला इंग्रजीत मेरिडियन म्हणतात आणि तो शब्द लॅटिन ‘मेरिडिएस’वरून आला आहे. मेरिडिएस म्हणजे भर दुपार, मध्याह्न. (‘मध्यान्ह’ लिहू नये. ‘अहन्’ म्हणजे दिवस, त्यातला ह आधी येतो.) घड्याळातले ए.एम. आणि पी.एम. त्याच शब्दाचे : ‘अँटे मेरिडिएम’ म्हणजे मध्याह्नापूर्वी, ‘पोस्ट मेरिडिएम’ म्हणजे मध्याह्नानंतर. ज्या ज्या ठिकाणी एकाच क्षणी मध्याह्न होतो, त्यांना जोडणारी रेषा ती मेरिडियन. आपला जुना शब्द ‘याम्योत्तरवृत्त’. याम्य म्हणजे यमाची दिशा, दक्षिण. म्हणून दक्षिणोत्तर वर्तुळ. आपल्या शब्दाने दिशा सांगितली, लॅटिनने वेळ. पण रोमच्या आकाशात मध्याह्नीचा सूर्य नेहमी दक्षिणेलाच असतो, त्यामुळे मेरिडिएसचा दुसरा अर्थ दक्षिण असाच आहे. दोन्ही शब्द शेवटी एकाच दिशेला बघतात.

आकाशातलं याम्योत्तरवृत्त पूर्ण वर्तुळ असतं, भूगोलातलं रेखावृत्त मात्र अर्धंच, नावात ‘वृत्त’ असूनही. कारण उघड आहे : पृथ्वीच्या या बाजूला मध्याह्न असतो तेव्हा बरोबर पलीकडच्या अर्ध्या वर्तुळावर मध्यरात्र असते.

आता हिशोब. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश आणि एका अंशाला ४ मिनिटं. इथे इंग्रजीत एक घोटाळा होतो, कारण अंशाच्या साठाव्या भागालाही ‘मिनिट’ आणि तासाच्या साठाव्या भागालाही ‘मिनिट’. मराठीत अंशाचे भाग कला आणि विकला, वेळेचे मिनिट आणि सेकंद. ही सोय आपण सोडू नये. जुन्या ज्योतिषात तर मापं आणखी सुंदर जुळतात. दिवसाच्या ६० घटिका, म्हणून एका घटिकेला ६ अंश. त्याहून लहान एक एकक ‘प्राण’, म्हणजे एक श्वास; दिवसाचे २१,६०० प्राण आणि वर्तुळाच्या कलाही २१,६००. एका प्राणात पृथ्वी एक कला फिरते, असं आर्यभटाने म्हटलं आहे. लंकेत सूर्योदय असतो तेव्हा यमकोटीला मध्याह्न, सिद्धपुरात सूर्यास्त आणि रोमकात मध्यरात्र, हेही त्याचंच. चार ठिकाणं, प्रत्येकी ९० अंशांचं अंतर, १५ घटिकांचा फरक. यातल्या काही जागा कल्पित आहेत, पण रेखांश आणि वेळ यांचं नातं याहून नेमकं सांगता येत नाही.

इथवर सगळं स्थानिक वेळेबद्दल झालं, म्हणजे ज्या त्या रेखावृत्ताच्या स्वतःच्या वेळेबद्दल. आगगाड्या आणि तारायंत्र आल्यावर गावोगावची वेगळी घड्याळं परवडेनाशी झाली आणि प्रमाणवेळ आली. प्रमाणवेळ म्हणजे निवडलेल्या एका रेखावृत्ताची स्थानिक वेळ, जी आसपासच्या सर्वांनी आपली मानायची. कागदावर ही वाटणी सरळ आहे : १५च्या पटीतलं प्रत्येक रेखावृत्त मध्ये आणि त्याच्या दोन्ही बाजूंना साडेसात अंश. प्रत्यक्षात सीमा सरकारं ठरवतात. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिचचं रेखावृत्त मूळ मानलं गेलं, पण फ्रान्स त्या मतदानात तटस्थ राहिला. १९११ साली तिथे कायदा झाला, त्यातही ग्रीनिचचं नाव नव्हतं. ‘पॅरिसची सरासरी वेळ, ९ मिनिटं २१ सेकंद मागे’ अशी शब्दयोजना केली. पॅरिसचं रेखावृत्त २ अंश २० कला १४ विकला पूर्वेला आहे. अंशाला ४ मिनिटं आणि कलेला ४ सेकंद या हिशोबाने करून पाहा, ग्रीनिचचीच वेळ येते.

स्पेनचं उत्तर यातच आहे. शून्य रेखांशाची रेषा त्या देशातून जाते, पण १९४०पासून तिथली घड्याळं १५ अंश पूर्व रेखावृत्ताची वेळ पाळतात. चीनचा विस्तार ६० अंशांहून जास्त, म्हणजे चार तासांहून अधिक फरकाचा, तरी सगळ्या देशाला १२० अंशांवरची एकच वेळ. नेपाळने ८६ अंश १५ कलांचं रेखावृत्त घेतलं, म्हणून तिथली वेळ ग्रीनिचच्या पावणेसहा तास पुढे.

शेवटी एक शेजारचा शब्द. हिंदीत रेखांशाला ‘देशांतर’ म्हणतात, मराठीत देशांतर म्हणजे मुलूख सोडून जाणं. संस्कृत ज्योतिषात तो उज्जयिनीवरून जाणाऱ्या मध्यरेखेपासूनचं गावाचं अंतर आणि त्यापायी गणितात करायची दुरुस्ती, या दोन्हींसाठी येतो. जागेतला फरक आणि वेळेतला फरक, दोन्हींना एकच शब्द.