कंबर दुखते, तोलही जातो

प्रश्न : वय 52. सोलापुरात यंत्रमागावर दिवसभर उभ्याने काम. कंबर सहा वर्षं दुखतेय. हल्ली तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोक जातो. कंबरेचा याच्याशी संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो. कण्यालगतचे छोटे स्नायू अंग किती कललंय याची खबर मेंदूला देतात. दुखणं जुनं झालं की ही खबर अंधूक होते. त्यात दुखेल या धास्तीने माणूस कंबर ताठ धरतो आणि सगळा तोल घोट्यांवर पेलतो. उरलेली कसर डोळे भरून काढतात. ते मिटले की ही कसर उघडी पडते.

तोल सुधारायला हा व्यायाम करा. ओट्याजवळ उभं राहा, घरचं कुणी सोबत हवं. पावलं जुळवून 30 सेकंद. जमलं की एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवून. मग एका पायावर 10 सेकंद. श्वास रोखू नका. रोखला की कंबर पुन्हा ताठरते, आणि चूक बहुतेकांची इथेच होते. हे स्थिर जमल्यावरच पायाखाली आपल्या सोलापुरी चादरीची चौपदरी घडी घ्या, गुळगुळीत फरशीवर मात्र नको. डोळे मिटणं अगदी शेवटी.

व्यायामाआधी रक्तातली साखर, बी-12 जीवनसत्त्व, रक्तदाब तपासा. ते बिघडले तरी तोल जातो. पाऊल घासत चालत असाल, जांघेत बधिरपणा असेल किंवा लघवी अडत असेल, तर व्यायाम नको. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.