६ जानेवारी १९४३चा 'हितवाद' गठ्ठ्यात नसेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या गावी जुन्या वाड्याच्या माळ्यावर टिनाच्या पेटीत नागपूरच्या इंग्रजी 'हितवाद' वृत्तपत्राचा १९४२-४३चा गठ्ठा निघाला. चिमूरच्या बातम्या फार त्रोटक आहेत, ६ जानेवारीचा अंक नाही, आणि घडीवर बोट लागलं की कागद तुटतो. हे वाचायचं कसं आणि ठेवायचं कसं?

आधी त्या न सापडणाऱ्या अंकाचं बघू. पेटी पुन्हा उपसू नका. ६ तारखेच्या मागच्या आणि पुढच्या अंकावर, पहिल्या पानाच्या नावाजवळ बारीक अक्षरात वर्ष (म्हणजे वृत्तपत्राचं कितवं वर्ष) आणि अंक क्रमांक छापलेला असतो, तो बघा. दोन्ही क्रमांक लागोपाठचे असतील तर काहीही हरवलेलं नाही, त्या दिवशी अंक निघालाच नव्हता. मधला एक क्रमांक सुटला असेल तर अंक छापला गेला होता आणि नंतर गठ्ठ्यातून हरवला. मात्र एकाच जोडीवर भरवसा ठेवू नका. क्रमांक चुकीचा छापला जाणं त्या काळी नेहमीचं होतं, आणि वर्ष बदललं की अंक पुन्हा १पासून सुरू होतो. दोन्ही बाजूंचे चार-चार अंक ताडून बघा.

६ जानेवारीचा दिवस मोठा आहे, त्याची गोष्ट आधीच्या ऑगस्टपासूनची. 'भारत छोडो' आंदोलनात १६ ऑगस्ट १९४२ला, नागपंचमीच्या दिवशी, चांदा जिल्ह्यातल्या चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत गोळीबार झाला. जमावाच्या हातून अधिकारी-पोलीस मारले गेले आणि मग चिमूरवर लष्कर-पोलिसांचा जो कहर झाला, त्यात बायांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या. त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी ११ नोव्हेंबरला दिल्लीत बापूजी अण्यांच्या घरी उपोषणाला बसले. अणे आपले वणी-यवतमाळचे, आणि तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. उपोषण ६३ दिवस चाललं, १२ जानेवारीला सुटलं. सरकारने त्याच्या बातम्यांवरच बंदी घातली. तेव्हा वृत्तपत्र संपादकांच्या अखिल भारतीय परिषदेने ६ जानेवारीला एक दिवस अंक न काढण्याचं ठरवलं, आणि नववर्षाच्या सरकारी पदव्यांची यादीही छापायची नाही असं ठरलं. म्हणून जानेवारीच्या पहिल्या दोन-तीन अंकांत पदव्यांची यादी आहे का, तेही बघा. न निघालेला अंक आणि गायब यादी, दोन्ही खुणा जुळल्या की तुमच्या गठ्ठ्यातली रिकामी जागा हाच पुरावा होतो. माझ्या मते अख्ख्या गठ्ठ्यात सगळ्यात मोलाची जागा तीच.

आता बातम्या त्रोटक का? ऑगस्ट १९४२मध्ये भारत संरक्षण नियमांखाली हुकूम निघाला की आंदोलनाची बातमी सरकारी सूत्रांकडून, ठरावीक वृत्तसंस्थांकडून किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे नाव नोंदवलेल्या वार्ताहराकडूनच घ्यायची. चिमूरसारख्या गावातून पोस्टाने मजकूर पाठवणाऱ्या मास्तर-वकिलाचं तोंड एवढ्यानेच बंद झालं. त्यामुळे बातमीची पहिली ओळ आणि शेवटची अक्षरं आधी वाचा. 'ए. पी. आय.' म्हणजे असोसिएटेड प्रेस ऑफ इंडिया, ती रॉयटरच्या ताब्यात होती. 'यू. पी. आय.' म्हणजे युनायटेड प्रेस, ती भारतीयांची. सरकारी पत्रक असेल तर भाषा लगेच ओळखू येते. बातमीवरची तारीख आणि अंकाची तारीख यांत किती दिवसांचं अंतर आहे ते वहीत मांडत चला. अंतर एकदम वाढलं की बातमी कुठेतरी अडली होती असं समजा, आणि पत्ता लावा. त्याच आठवड्याचा नागपूरचा मराठी 'महाराष्ट्र' मिळाला तर शेजारी ठेवून वाचा.

आता या वृत्तपत्राबद्दल थोडं. 'हितवाद' १९११ला नागपुरात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सुरू केलं. चालवलं भारत सेवक समाजाने (सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीने), म्हणजे ते नेमस्तांचं पत्र, काँग्रेसचं नव्हे. म्हणून त्यात सरकारवर टीका सापडली तर तिचं वजन जास्त धरावं. मध्यप्रांत-वऱ्हाडात अर्धा मुलूख मराठी, अर्धा हिंदी. कचेरीची भाषा इंग्रजी असल्याने एकच पत्र जबलपूरच्या वकिलालाही चाले आणि वर्ध्याच्या मालगुजारालाही. पत्राचा जन्म झाला तोच कडक काळात. १९१०च्या प्रेस कायद्याने नव्या छापखान्याकडून ५०० ते २,००० रुपये जामीन मागता येई. तो जप्त झाला की पुढचा १,००० ते १०,०००.

वरचं पान फाटलेले सुटे अंक असतील तर शेवटच्या पानाच्या तळाशी बघा. १८६७च्या कायद्याने मुद्रक-प्रकाशकाचं नाव आणि ठिकाण छापणं सक्तीचं होतं. संपादकाचं नाव १९२२पासून सक्तीचं झालं. ते नसेल तर अंक त्याआधीचा असण्याचा संभव मोठा.

कागद तुटतो, कारण तो लाकडाच्या लगद्याचा आहे. उजेड आणि उष्णता लागली की पिवळा पडतो, आतलं आम्ल धागे खातं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत घडी उलगडली तर रेघेवरच तुकडा पडणार. पाऊस उघडलेला दिवस बघून गठ्ठा दोन दिवस बंद खोलीत पेटीबाहेर ठेवा, कागद जरा नरमतो, मग उलगडा. कुबट वास आला किंवा बुरशी दिसली तर मात्र आधी पंख्याखाली सावलीत वाळू द्या. पानापेक्षा मोठा पुठ्ठा खाली सरकवा आणि पान पुठ्ठ्यासकट उलटा, नुसतं कोपरा धरून कधीच नाही.

फोटो ओसरीत, सावलीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काढा. आधी पूर्ण पान, मग चार तुकड्यांत, प्रत्येक तुकडा शेजारच्यावर दोन बोटं चढलेला. फाइलच्या नावात वर्ष-महिना-तारीख-पान याच क्रमाने आकडे घाला, म्हणजे सगळं आपोआप ओळीत लागतं.

लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा सुटत नाही. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो. अंक घडी न घालता आडवे ठेवा. आम्लमुक्त कागद मिळाला तर उत्तम, नाहीतर खळ धुऊन काढलेला पांढरा मांजरपाट चालेल. गड्डीभोवती रोजचा पेपर गुंडाळू नका. पेटी विटांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, कारण उधई जमिनीतून आणि भिंतीतून येते. कीटकनाशक पावडर कागदावर टाकू नका, पेटीखालच्या जमिनीवर टाका.