उपासमार झालेला घोडा सोडवून आणलाय, त्याला चंदी किती द्यावी?

हाडं वर आलेला, खूर वाढलेला घोडा सोडवून आणलाय आणि त्याला लवकर अंगाला लावायचंय, असं तुम्ही लिहिलंय. चंदी किती, तर सध्या अजिबात नको. दाणा, मका, ओट, गूळ, काहीही नाही.

मी अशाच घोड्यांची देखभाल करतो. लोक दया येऊन पहिल्याच संध्याकाळी पाटीभर दाणा पुढे ठेवतात. घोडा अधाशासारखा खातो, बघणाऱ्यांना बरं वाटतं आणि चार-पाच दिवसांत तो कोसळतो. उपाशी शरीर आधी चरबी आणि मग स्वतःचे स्नायू जाळून तग धरत असतं. अचानक भरपूर पिष्ट पोटात गेलं की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं. साठा आधीच संपलेला असतो, त्यामुळे हृदय आणि श्वास दगा देतात. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. पहिले दहा दिवस जास्त धोक्याचे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी उपाशी घोड्यांना वेगवेगळा चारा देऊन पाहिला, त्यात वाळवलेला लसूणघास सर्वांत चांगला ठरला. त्यात पिष्ट कमी, प्रथिनं जास्त आणि फॉस्फरस-मॅग्नेशियमही असतं. पहिले तीन दिवस दर चार तासांनी साधारण अर्धा किलो. रात्रीसुद्धा, म्हणजे गजर लावून उठायचं. चौथ्या दिवसापासून प्रमाण हळूहळू वाढवायचं, वेळा कमी करायच्या आणि दहाव्या दिवसाच्या सुमारास पोटभर द्यायचं. स्वच्छ पाणी कायम समोर हवं. तो पाय आपटेल, हिंकाळेल. तेव्हा विरघळू नका, आणि घरातल्या बाकीच्यांनाही बजावून ठेवा, कारण गुपचूप भाकरीचा तुकडा भरवणारं कुणीतरी असतंच.

तब्येत नुसती बघून ठरवू नका. उपाशी घोड्याच्या अंगावर केस लांब वाढतात, त्याखाली बरगड्या झाकल्या जातात. हाताने चाचपून बघा. अंगावर चरबी किती आहे हे ठरवायला संशोधक हेनेके यांनी 1983 साली आखलेली 1 ते 9 गुणांची मोजपट्टी डॉक्टर वापरतात, ती समजून घ्या. दर आठवड्याला त्याच जागेवरून फोटो काढा आणि त्यावर तारीख टाका. पुढे आधीच्या मालकाशी कायदेशीर वाद झाला तर ते कामी येतात.

खाताना तोंडातून अर्धवट चावलेले चाऱ्याचे ओले गोळे पडताहेत का, तेही पाहा. पडत असतील तर दात बोलताहेत असं समजा. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा झिजत नाहीत, धारदार होतात आणि गालाला आतून कापतात. मग कितीही घाला, अंगाला लागत नाही. दात घासून घ्यायला डॉक्टर लागतील, पण घोडा भूल सोसण्याइतका सावरल्यावरच.

जंताचं औषधही स्वतःच्या मनाने पाजू नका. लीद तपासून घ्या. जंत खूप असतील आणि एकदम मेले तर आतड्यात अडकू शकतात. मॉक्सिडेक्टिन हे जंताचं औषध तर चरबीत साठणारं आहे, चरबीच नसलेल्या घोड्याला ते बाधू शकतं. खुरांचं म्हणाल तर नालबंदाला एका बैठकीत सगळं कापू देऊ नका. वाढलेल्या खुरांबरोबर पायाचे स्नायुबंधही वेडेवाकडे ताणलेले असतात, म्हणून थोडं थोडं उतरवायचं. नवीन खूर वरून खालपर्यंत यायला जवळजवळ वर्ष जातं. तुमच्याकडे दुसरे घोडे असतील तर याला निदान तीन आठवडे वेगळा ठेवा, बादली आणि खरारासुद्धा वेगळा. स्ट्रँगल्स, म्हणजे घशाच्या गाठी सुजवणारा संसर्गजन्य रोग, झालेला घोडा सुरुवातीला ठणठणीत दिसू शकतो.

वजन भरायला कित्येक महिने लागतील, तोवर खोगीर विसरा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: तो स्वतःहून उठून उभा राहतोय का? नसेल, तर वरचं सगळं नंतर वाचा आणि आत्ता डॉक्टरांना फोन करा. सुमारे तीन दिवस पडून राहिलेला घोडा वाचणं फार अवघड असतं.