एकाच कपाटातली भांडणं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की इतिहास, अध्यात्म आणि गणित या तीन खणांतलं तुम्ही वाचलेलं एखादं पुस्तक सांगा आणि त्याबद्दल खरं काय वाटलं ते लिहा. पत्रं भरपूर आली. निम्मी कौतुकाची होती, ती सरळ बाजूला ठेवली, सॉरी. भांडणाची तेवढी इथे घेतली आहेत.

प्रश्न : ताई, मी 'श्रीमान योगी' चार वेळा वाचलंय. मुलगी इतिहासात एम.ए. करतेय, ती म्हणते बाबा ही कादंबरी आहे, इतिहास नाही. मग आम्ही इतकी वर्षं खोटंच वाचत होतो का?

उत्तर : खोटं नाही हो, पण मुलगी बरोबर बोलतेय. महाराज रात्री एकटे असताना मनात काय म्हणाले हे कुठल्या कागदात सापडणार? ते रणजित देसाईंनी लिहिलं आणि कादंबरीकाराचं कामच ते. पण मला सांगा, त्याच पुस्तकाला नरहर कुरुंदकरांचं एक लांबलचक पत्र प्रस्तावना म्हणून जोडलंय, ते चार वेळांपैकी तुम्ही किती वेळा वाचलंत? बहुतेक जण ते ओलांडून थेट गोष्टीवर जातात, मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. कादंबरीच्या दारातच एक माणूस साधनांची छाननी करत बसलाय आणि आपण त्याला नमस्कार पण न करता आत शिरतो. आता पाचव्यांदा वाचाल तेव्हा तिथून सुरू करा, आणि मुलीबरोबर वाचा.

मग बखर म्हणजे खरं का, तर तसंही नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजी महाराजांची बखर तमिळ मुलखातल्या जिंजीच्या किल्ल्यावर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली, १६९४ च्या आसपास, म्हणजे महाराज जाऊन चौदाएक वर्षं झाली होती. माणूस त्या काळातला, माहितगार, तरी घटनांचा क्रम कुठे कुठे पुढेमागे झालाच आहे. आणि बखरींतल्या आकड्यांबद्दल तर मला वेगळंच सांगायचंय. लढाईचं वर्णन आलं की फौज लाखांच्या खाली येतच नाही, तर अशा वेळी मी पेन्सिल काढते. समजा एक लाख घोडी, प्रत्येकाला दिवसाला निदान सात किलो वैरण, झाले सात लाख किलो, म्हणजे सातशे टन, रोजचे. बैलाच्या पाठीवर शंभर-सव्वाशे किलो लादले तर रोज साडेपाच ते सात हजार बैल नुसत्या वैरणीला लागले, आणि त्या बैलांची वैरण अजून धरलीच नाहीये! एवढं केलं की दोन गोष्टी होतात. एक तर लाखाच्या आकड्याकडे आपण जरा सावध बघायला लागतो. दुसरं म्हणजे पानिपतावर अब्दालीने रसद तोडली याचा अर्थ काय होता ते पोटातून कळतं. १७६० च्या हिवाळ्यात मराठ्यांची छावणी तिथे अडकून पडली आणि १४ जानेवारी १७६१ ला लढाईला बाहेर पडली तेव्हा माणसं आणि जनावरं उपाशी होती, हे वाक्य मी लहानपणापासून वाचलेलं, पण ते खरं कळलं या हिशोबानंतर.

प्रश्न : जुन्या पुस्तकात शिवजन्म १६२७, नव्या पुस्तकात १६३०. शिवाय शके वेगळंच. लेखकांना साधी तारीख नीट लिहिता येत नाही का?

उत्तर : येते, पण साधी नाहीये ना ती. १६२७ ची तिथी वैशाखातली, शके १५४९. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या घटनांच्या तिथीवार टिपणात, मात्र नोंद आहे फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. ही शकावली टिळकांनी १९१६ मध्ये छापून पुढे आणली आणि तिथून चर्चेची दिशाच बदलली. आता शकाचं गणित बघा. शकवर्ष चैत्रात सुरू होतं म्हणून वर्षाच्या पहिल्या मोठ्या भागात ७८ मिळवायचे आणि जानेवारी उजाडला की ७९. फाल्गुन म्हणजे वर्षाचं शेपूट, म्हणून १५५१ अधिक ७९, १६३०. तुम्ही ७८ मिळवलेत की एक वर्ष चुकलं. राज्याभिषेक ज्येष्ठातला, शके १५९६, तिथे ७८, आला १६७४. पानिपत पौषातलं, शके १६८२, पण जानेवारी लागलेला म्हणून ७९.

आणि अजून एक गंमत, १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे, आजच्या कॅलेंडरने तोच दिवस १ मार्च येतो. एका पुस्तकात १९ फेब्रुवारी आणि दुसऱ्यात १ मार्च असेल तर दोन्ही बरोबर असू शकतात, फक्त कुठलं कॅलेंडर ते तळटीपेत लिहिलंय का बघा. तळटीप नसलेलं इतिहासाचं पुस्तक मी उधार पण घेत नाही, हे आपलं माझं मत.

प्रश्न : ज्ञानेश्वरी तीनदा सुरू केली, तीनदा सोडली. भाषा कळत नाही. सार्थ वाचली तर चालेल का की ती फसवणूक?

उत्तर : कसली फसवणूक, बिनधास्त सार्थ घ्या. फक्त पहिल्या अध्यायापासून सुरू करायचा हट्ट सोडा. गीतेचे श्लोक सातशे, त्यावर ओव्या साधारण नऊ हजार, एकट्या अठराव्या अध्यायात अठराशेच्या वर. बारावा घ्या, मूळ श्लोक वीसच आहेत. आधी ओवी मोठ्याने वाचा, मग अर्थ बघा, मग परत ओवी. उलटं केलंत की नुसता अर्थच वाचला जातो आणि ओवी राहून जाते.

भाषा कळत नाही याची लाज पण वाटू देऊ नका. ग्रंथ शके १२१२ चा, म्हणजे १२९०. तीनशे वर्षांत हातोहात नकला होऊन त्यात इतकी भर आणि चुका शिरल्या होत्या की एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ ला, पाठ शुद्ध केला आणि वर दम भरला की आता यात जो आपली ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा! नरोटी म्हणजे करवंटी. मला हे फार आवडतं, एका संताने दुसऱ्या संताच्या ग्रंथावर केलेलं हे संपादनाचं काम, आणि भाषा एकदम कडक हेडमास्तरची.

प्रश्न : तुमच्या अंकात कोणीतरी वैदिक गणिताला 'वैदिक नाही' म्हटलं. माझी मुलं त्याच पुस्तकामुळे गणितात पुढे आली. आपल्याच ज्ञानाला नावं ठेवायची फॅशन झालीये.

उत्तर : फॅशन नाही हो, नावावरून भांडण आहे, कामावरून नाही. त्या पुस्तकाचे लेखक भारती कृष्ण तीर्थ पुरीचे शंकराचार्य होते, १९६० मध्ये ते गेले, पुस्तक १९६५ ला आलं. त्यातली सोळा सूत्रं अथर्ववेदाच्या परिशिष्टातली असं त्यांचं म्हणणं. के. एस. शुक्ल या गणिताच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी १९५० मध्ये परिशिष्टाची छापील प्रत त्यांच्यासमोर ठेवून सूत्रं दाखवा म्हटलं, तर उत्तर मिळालं की ती माझ्या परिशिष्टात आहेत. आणि पुस्तकाचे संपादक वासुदेवशरण अग्रवाल यांनीही लिहून ठेवलंय की ही सूत्रं माहीत असलेल्या परिशिष्टांत मिळत नाहीत. म्हणजे टीका बाहेरच्यांनी नंतर केलीये असं नाही, ती त्याच पुस्तकात पहिल्यापासून छापलेली आहे.

आता काम. ९७ गुणिले ९६ करायचंय. शंभराला ३ कमी आणि ४ कमी. ९७ मधून ४ काढले, ९३. ३ गुणिले ४, १२. उत्तर ९३१२. झक्कास आहे, मुलं खूश होणारच. पण ते का जमतं? कारण दोन्ही संख्या 'शंभर वजा काहीतरी' अशा लिहून गुणाकार केला की नेमकं तेच समीकरण मिळतं, आठवीच्या बीजगणितातलं. मुलांना युक्ती शिकवलीत ना, मग पुढच्या रविवारी हे 'का' पण शिकवा, नाहीतर ती जादू राहील, आणि जादू ६३ गुणिले ४८ ला धावून येत नाही.

आणि वेदकाळातलं गणितच पाहिजे असेल तर ते आहे की! शुल्बसूत्रं बघा, यज्ञवेदी बांधण्यासाठीची भूमिती. आयताच्या कर्णाचा नियम बौधायनाने स्वच्छ सांगितलाय. दोनाचं वर्गमूळ काढायची रीत आहे, एक, अधिक एक तृतीयांश, अधिक त्याचा चौथा भाग, वजा त्या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग. करून बघा, ५७७ भागिले ४०८ येतं, म्हणजे १.४१४२१५७, आणि खरं मूल्य १.४१४२१३६. दशांशात पाचव्या स्थानापर्यंत बरोबर! हे खणखणीत नाणं घरात असताना संशयाच्या नाण्यावर भांडायचं कशाला, मला तरी कळत नाही.

प्रश्न : लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी आणि घटिकापात्रात मोती पडून तिचा मुहूर्त चुकला, ही गोष्ट खरी का?

उत्तर : ही गोष्ट मी एका कार्यक्रमात ठासून खरी म्हणून सांगितली होती आणि नंतर एका आजोबांनी बाजूला घेऊन माझी शाळा घेतली. ती आपल्याला मिळते फैजीने अकबराच्या दरबारात १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून जास्त वर्षांनी. मूळ ग्रंथात भास्कराचार्य 'बाले बालकुरङ्गलोलनयने लीलावति' अशी हाक मारतात आणि लगेच गणित घालतात, 'पञ्चत्र्येक' ला 'दिवाकर' ने गुण. पाच, तीन, एक हे उजवीकडून डावीकडे मांडायचं, १३५. दिवाकर म्हणजे सूर्य, सूर्य बारा. उत्तर १६२०. स्वतःचं जन्मवर्षही असंच सांगितलंय, 'रसगुणपूर्णमही'. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही एक. शके १०३६, म्हणजे १११४. मोत्याची गोष्ट गोड आहे, पण मला विचाराल तर ही जास्त गोड आहे.

प्रश्न : मी इंजिनिअर आहे. गाथा वाचायला घेतली. 'अणुरणीया थोकडा, तुका आकाशाएवढा' हे लॉजिकमध्ये बसत नाही. एका पुस्तकात याचा क्वांटमशी संबंध जोडलाय ते मात्र पटलं.

उत्तर : अरेरे, नेमकं तेच पटलं तुम्हाला? अभंगाला विज्ञानाचं सर्टिफिकेट देणारी पुस्तकं मी अर्ध्यात सोडते. तुकोबा तिथे माप सांगत नाहीयेत, अहंकार गळाल्यावर काय होतं ते सांगतायत, आणि ते खरं की खोटं हे ठरवायला प्रयोगशाळा नाही, स्वतःच लागतो. गणिताच्या पुस्तकात सिद्धता मागा, इतिहासाच्या पुस्तकात कागद मागा, पण गाथेकडे कागद आणि सिद्धता मागितलीत तर हात हलवत परत याल.

उलटा प्रवास मात्र बघण्यासारखा आहे. भास्कराचार्यांनी बीजगणितात शून्याने भागलेल्या राशीला, म्हणजे संख्येला, खहर म्हटलंय आणि म्हणतात, यात काही मिळवा, काही काढा, फरक पडत नाही, जसे प्रलयात आणि सृष्टीच्या वेळी असंख्य जीव अच्युतात शिरले किंवा निघाले तरी त्याच्यात बदल होत नाही. आजचं गणित शून्याने भागू देत नाही ते सोडा. पण उपमा देवाची देऊनही ते आधी राशीबद्दल बोलले, देव साक्षीदार म्हणून उभा केला नाही.

प्रश्न : रामानुजन यांना नामगिरी देवी स्वप्नात सूत्रं द्यायची. मग सिद्धतेचं एवढं कौतुक कशाला?

उत्तर : कारण स्वप्नातली काही सूत्रं चुकीची पण निघाली! जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पाठवलेल्या पत्रात थक्क करणारी सूत्रं होती, पण मूळ संख्या किती आहेत याबद्दलचा त्यांचा दावा टिकला नाही. सुचणं कुठूनही येऊ दे, त्यांची त्या देवीवर श्रद्धा होती आणि तिचा आदर ठेवूनच बोलतेय, पण बरोबर कुठलं आणि चूक कुठलं हे कळलं ते सिद्धता शोधायला बसल्यावरच. त्यांच्या वह्यांतल्या विधानांच्या सिद्धता लावताना अमेरिकन गणितज्ञ ब्रूस बर्न्ट यांचे पाच खंड झाले. म्हणजे देणाऱ्याने दिलं, आणि मोजून घेणाऱ्यांची हयात गेली.

प्रश्न : तिन्ही विषय एकत्र असलेलं एखादं पुस्तक सुचवा. जाड नको.

उत्तर : पुस्तक नाही, माणूस सुचवते. टिळक. गणिताचे प्राध्यापक केरूनाना छत्र्यांचे विद्यार्थी, बी.ए. ला गणित, पुढे गणित शिकवलं सुद्धा. वेदांचा काळ ठरवायला नक्षत्रांचं गणित मांडलं १८९३ मध्ये. जेधे शकावली वर आलीच आहे. आणि मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिलेलं गीतारहस्य, १९१५ ला छापून आलं. ते वाचताना बघा, भाष्यकारांची मतं समोर मांडून एकेक खोडत जायची जी पद्धत आहे ना, ती मला तरी गणिताच्या मास्तरची वाटते, वकिलाची पण वाटेल कुणाला, तेही ते शिकले होतेच. जाड आहे, हो. ते काही मी बारीक करून देऊ शकत नाही, पण शेवटून वाचलंत तरी चालेल, मी तसंच वाचलं होतं.

प्रश्न : पुस्तकात पेनने खुणा करणं पाप आहे का?

उत्तर : स्वतःच्या पुस्तकात पेन्सिल चालेल. माझ्याकडून नेलेल्या पुस्तकात काहीच चालणार नाही, आणि ज्यांनी नेलंय त्यांना कळलं असेलच की हे कोणाला उद्देशून आहे.

पुढच्या अंकासाठी : अर्ध्यात सोडलेलं पुस्तक कुठलं आणि नेमकं कितव्या पानावर?