एच-४ वरच्यांचा आयटीआयएन: पासपोर्ट पोस्टात टाकू नका

तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, पत्नी आणि चार वर्षांचा मुलगा गेल्या मार्चपासून एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर अमेरिकेत, दोघांनाही एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) मिळत नाही म्हणून त्याऐवजी आयटीआयएन, म्हणजे करासाठीचा ओळख नंबर, काढायचाय, नवरा-बायकोचं एकत्र टॅक्स रिटर्न (जॉइंट रिटर्न) भरायचंय आणि मेमध्ये नाशिकला लग्न, म्हणजे पासपोर्ट हाताशी हवेत. त्यात ऑफिसातले सांगतायत की मूळ पासपोर्ट टेक्सासला, ऑस्टिनच्या पत्त्यावर पाठवा.

कशाला पाठवता? सर्टिफाइंग अॅक्सेप्टन्स एजंट, म्हणजे कागद तपासायला आयआरएसने (अमेरिकेच्या कर खात्याने) अधिकार दिलेला माणूस, गाठा. तो पासपोर्ट समोर बघून तिथल्या तिथे परत देतो आणि साक्षांकित प्रती पुढे पाठवतो. फी घेतो, पण ती सत्कारणी लागते. फुकटात हवं तर फोनवर अपॉइंटमेंट घेऊन आयआरएसच्या टॅक्सपेअर असिस्टन्स सेंटरला जा. मात्र आपल्याकडच्या सवयीने झेरॉक्सवर नोटरीचा शिक्का मारून पाठवलात तर अर्ज बाद. टॅक्स भरण्याच्या सीझनमध्ये आयटीआयएन हाती यायला ९ ते ११ आठवडे धरा.

डब्ल्यू-७ (आयटीआयएनचा अर्ज) सोबत १०४० (टॅक्स रिटर्नचा फॉर्म) कागदावरच जोडायचा. हे रिटर्न ई-फाइल होत नाही. त्यात दोघांच्या एसएसएनची जागा कोरी ठेवा. पत्नीची सहीसुद्धा लागते, ती विसरणारे कमी नाहीत.

आता नावाचं. आपल्या पासपोर्टांवर गिव्हन नेममध्येच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव चिकटलेलं असतं. पासपोर्टवर जे आहे तेच डब्ल्यू-७ वर आणि तेच १०४० वर. आडनाव माहेरचं असेल तर माहेरचंच राहू द्या, जॉइंट रिटर्नला त्याने काही अडत नाही.

मुलाच्या पासपोर्टवर अमेरिकेत आल्याच्या तारखेचा शिक्का आहे ना, तेवढं आजच बघा. नसेल तर त्याचा नुसता पासपोर्ट पुरत नाही. सहा वर्षांखालच्या मुलाला इथल्या डॉक्टरकडचे वैद्यकीय कागद जोडावे लागतात. एसएसएन नसल्याने त्याच्यावर चाइल्ड टॅक्स क्रेडिट (मुलांसाठीची करसवलत) मिळणार नाही, ५०० डॉलरचं दुसरं क्रेडिट मिळेल.

नाशिकच्या आई-बाबांना रिटर्नमध्ये डिपेंडंट (तुमच्यावर अवलंबून असलेले) दाखवता येत नाही. तुम्ही त्यांचा कितीही खर्च उचलत असलात, तरी भारतात राहणाऱ्या परदेशी नागरिकांना ती सोय नाही. ती मेक्सिको-कॅनडात राहणाऱ्यांना आहे, आपल्याला नाही.

पत्नीला पुढे एच-४ ईएडी (काम करण्याचा परवाना) मिळालं की आधी एसएसएन काढा, मग आयआरएसला पत्र लिहून आयटीआयएन रद्द करून घ्या. दोन्ही नंबर एकदम वापरायचे नसतात. तोवर आयटीआयएन सलग तीन वर्षं रिटर्नमध्ये वापरला नाही, तर तो आपोआप बाद होतो.