मुंबईच्या टाउन हॉलमध्ये महापालिका नाही, मग तो टाउन हॉल कसा? आणि तो ग्रीक देवळासारखा का दिसतो? हे दोन प्रश्न तुम्ही पत्रात विचारलेत.

मी या इमारतीत पहिल्यांदा गेलो तो स्टॅम्पपेपरसाठी. नववीत होतो. वडिलांचा हात धरून हॉर्निमन सर्कलच्या बागेसमोर आलो, समोरच्या त्या अवाढव्य पायऱ्या आणि खांब पाहिले आणि घाबरून विचारलं, "बाबा, आपल्यावर केस झालीय का?" सिनेमातलं कोर्ट मी नेमकं असंच पाहिलं होतं. वडील म्हणाले, "गप चल, रांग वाढतेय." आणि पायऱ्या न चढता आम्ही खालच्या मजल्यावरच्या मुद्रांकाच्या कचेरीत शिरलो. वर एशियाटिक, म्हणजे एशियाटिक सोसायटी ही जुनी विद्वत्संस्था आणि तिचं ग्रंथालय, आहे हे मला पुढे कॉलेजात कळलं.

हे सांगायचं कारण, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या खालच्या कचेरीत आहे.

ही इमारत बांधली गेली तेव्हा निवडून आलेली महापालिका नावाची चीज मुंबईत नव्हतीच. व्हीटीसमोरची पालिकेची गॉथिक इमारत १८९३ ची, म्हणजे टाउन हॉलनंतर तब्बल ६० वर्षांनी आलेली. त्या काळी टाउन हॉल म्हणजे गावची सभा भरवायची जागा: जाहीर सभा, मेजवान्या, नाच, दरबार. मुंबईतल्या इंग्रजांकडे अशी जागा नव्हती. १८०४ साली सर जेम्स मॅकिंटॉश या इथल्या न्यायाधीशाने लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे काढली. हीच पुढे एशियाटिक झाली. तिलाही पुस्तकं ठेवायला हक्काचं छप्पर हवं होतं. १८११ च्या सुमारास टाउन हॉलची कल्पना पुढे आली आणि पैशांसाठी चक्क लॉटरी काढली. हसू नका, कलकत्त्याचा १८१३ चा टाउन हॉलही लॉटरीच्याच पैशावर उभा राहिला.

पण मुंबईची लॉटरी पुरली नाही. बांधकामाला १८२१ साल उजाडलं, पुन्हा लॉटरी काढली, तरी हिशेब जुळेना. शेवटी कंपनी सरकारने उरलेला भार उचलला आणि त्या बदल्यात इमारतीत आपल्या कचेऱ्यांसाठी जागा घेतली. थोडक्यात, गावाच्या सभागृहात सरकार भाडेकरू म्हणून आलं आणि मालक होऊन बसलं. काम संपलं १८३३ मध्ये. बाबांच्या स्टॅम्पपेपरची रांग त्या सौद्याची शेपटी होती, असं मी तरी धरून चालतो.

आता ग्रीक देवळाचं. अठराव्या शतकात काही इंग्रज अथेन्सला जाऊन तिथल्या अवशेषांची इंचाइंचाने मापं घेऊन आले. ती चित्रं छापली गेली आणि युरोपभर ग्रीक खांबांची लाट आली. बँक असो, संग्रहालय असो की कोर्ट, सगळ्यांना देवळाचा मुखडा. नवअभिजात शैली म्हणतात ती हीच. हिंदुस्थानात ती आणली मुख्यतः लष्करी इंजिनियरांनी. इथला नकाशा बॉम्बे इंजिनियर्सच्या कर्नल थॉमस कूपरचा. इमारत पुरी झालेली पाहायला तो मात्र उरला नाही.

हे खांब डोरिक आहेत. ग्रीकांच्या तीन जातींमधली ही सगळ्यांत जाडजूड आणि बिनदागिन्यांची. अंगावर उभ्या पन्हळी, डोक्यावर साधी चकती आणि चौकोनी फळी, बास. पायाशी वेगळी बैठक नाही, खांब थेट जमिनीतून वर येतो. म्हणून ३० पायऱ्या चढताना समोरचे ८ खांब अंगावर येतात तसे नाजूक खांब कधी आले नसते. फरक पाहायचाच असेल तर शेजारच्या टांकसाळीकडे वळा. तीही १८२० च्या दशकातली, पण तिचे खांब आयोनिक, म्हणजे डोक्यावर दोन्ही बाजूंना कागदाच्या सुरळीसारख्या गुंडाळ्या असलेले. टाउन हॉलमध्ये आत गेलात की पुन्हा जात बदलते. तिथे कोरिंथियन, पानाफुलांचे. बाहेर पहिलवान, आत नवरदेव.

खांबांची एक गोष्ट मुंबईत हमखास ऐकायला मिळते: ते विलायतेहून जहाजाने आले, काही इतके मोठे निघाले की इथे बसेनात, मग भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला दिले. गोष्ट म्हणूनच ऐका, पण ते चर्च पाहून या. तेही त्याच काळातलं आहे.

मला स्वतःला खांबांपेक्षा खिडक्या जास्त आवडतात. अथेन्समध्ये आपला जुलै नसतो. इथे पश्चिमेचं ऊन आणि आडवा पाऊस, तेव्हा इंजिनियरने ग्रीसला बाजूला ठेवून खिडक्यांवर टोपीसारखे छज्जे दिले आणि झिलमिली, म्हणजे तिरप्या पट्ट्यांची दारं, बसवल्या. मुख्य मजला उंचावर असल्यामुळे हवा खेळते आणि खाली कचेऱ्यांना तळघरासारखा मजला मिळतो. त्या भव्य पायऱ्यांचं अर्धं कारण हे असं घरगुती आहे. बाकी अर्धं अर्थातच रुबाब. १ नोव्हेंबर १८५८ ला व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा याच पायऱ्यांवरून वाचला गेला. खाली तेव्हा आजची गोल बाग नव्हती, मोकळं मैदान होतं. बाग आणि तिच्याभोवतीच्या वळणदार इमारती १८६० च्या दशकात किल्ल्याच्या भिंती पाडायला घेतल्या त्यानंतरच्या. त्यामुळे टाउन हॉल बांधणाऱ्यांच्या मनात जे दृश्य होतं ते आज तुम्हाला दिसणार नाही. आजचं जास्त चांगलं आहे, असं माझं मत.

आत काय पाहाल? दगडी पुतळ्यांची रांग लागते. एल्फिन्स्टन, माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर आणि त्यांच्याच पंगतीत आपले नाना शंकरशेट. या पंगतीत बसायला हिंदुस्थानी माणसांना वाट पाहावी लागली, हे विसरू नका. एशियाटिकमध्ये पहिला हिंदुस्थानी सभासद, माणेकजी खरशेटजी, घेतला गेला तो १८४० साली, म्हणजे संस्था निघाल्यावर ३६ वर्षांनी. पुढे मात्र इथेच भाऊ दाजी लाड शिलालेखांवर निबंध वाचत होते, महामहोपाध्याय काणे धर्मशास्त्र उलगडत होते आणि दुर्गाबाई भागवत तर रोज नोकरीला जावं तशा येत. दान्ते या इटालियन कवीच्या महाकाव्याची चौदाव्या शतकातली हस्तलिखित प्रत इथे आहे, एल्फिन्स्टनने दिलेली. मुसोलिनीने ती परत मागितली होती म्हणतात. लोक तेवढंच सांगतात आणि सोपाऱ्याचं राहून जातं.

१८८२ मध्ये पुरातत्त्वाचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप उकरला. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, असं करत करत शेवटी स्फटिकाच्या आत सोन्याची. आणि त्या सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याची १३ खापरं. बुद्धाच्या भिक्षापात्राची, अशी श्रद्धा. ती पेटी टाउन हॉलमध्ये आली. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा. मी पाच वर्षं तिथून रोज ८.१२ ची विरार फास्ट पकडत होतो आणि मला याचा पत्ता नव्हता.

तुम्ही पुढच्या महिन्यात येताय असं लिहिलंय. चर्चगेट किंवा व्हीटीहून चालत या. आतला दुर्मीळ ठेवा रोज मांडलेला नसतो, त्यामुळे आधी संस्थेला विचारून घ्या. नाहीच जमलं तर संध्याकाळी पायऱ्यांवर बसा. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं घेतलेली पोरं बसलेली असतात, थोडं सरकून जागा देतात. पायऱ्या पश्चिमेला तोंड करून आहेत, म्हणून उन्हं उतरताना पाठीमागच्या खांबांच्या पन्हळी एकेक करून ठळक होत जातात. दुपारी बाराला त्या खांबांकडे बघून काही कळत नाही.